बिशपचे नवे नाल

...आणि वर मलाच म्हणतात, "केल्विन, तुला कुणी सांगितला होता नसता शहाणपणा?" घ्या! अहो, शहाणपणा सगळा गावानं केला, मी नुसता घोड्याचा दोर धरून उभा होतो, आणि प्रश्न तरी असा काय मोठा होता, तुम्हाला सांगतो, प्रश्न एवढाच होता, की घोड्याला नवे नाल ठोकलेत, आता त्याला विश्रांती द्यायची की नाही?

आता हे नाल ठोकले कुणी, तर माझ्या बायकोनं, लोरेलनं, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं इथंच. आमच्या गिजी क्रीक गावचा नालबंद म्हणजे म्हातारा अॅथोल. त्याच्या हाताखाली ही वर्षानुवर्षं खूर धरतेय, कानस चालवतेय, खिळे मारतेय, पण नाव कुणाचं, तर अॅथोलचं. आणि ऐन ड्राफ्टच्या आठवड्यात अॅथोलची कंबर धरली! ड्राफ्ट म्हणजे आमच्याकडचा वर्षाचा सण हो, घोड्यावर बसायचं, कळपातला एक गोऱ्हा वेगळा काढायचा, खांबांना वळसे घालत त्याला हाकत न्यायचा, आणि बाकीच्या गावानं कुंपणावर बसून नावं ठेवायची. तर लोरेल म्हणाली, आणा तुमचे घोडे, मी ठोकते नाल. एक माणूस पुढे आला असेल तर शपथ. "आमचे पळतील जुन्याच नालांवर," म्हणे, "आधी तुझा घरचा घोडा पळू दे शनिवारी, बघू, नाहीतर शहरातला माणूस बोलावू कायमचा." म्हणजे कळलं ना? बिशप पळाला तर गावचे घोडे तिच्याकडे, नाही पळाला तर तिनं कानस गुंडाळून माळ्यावर टाकायची.

आणि हे सगळं कुणाच्या पायांवर, तर बिशपच्या! बिशप म्हणजे आमचा घोडा. चालतो असा, की समोरच्यानं टोपी काढून बाजूला व्हावं. काम दिसलं की याला जांभया येतात, आणि माझ्या हातात खोगीर दिसलं की हा लंगडतो. हो, लंगडतो! खोगीर खुंटीला टांगलं की बरा. जित्याची खोड, काय करणार?

तर गुरुवारी लोरेलनं नाल ठोकले, घाम पुसला आणि म्हणाली, "खूर फार वाढले होते, बरेच कापावे लागले. उद्या त्याला कुरणात मोकळा सोड, खोगीर घालू नकोस." संपला की विषय! संपला असता हो... पण मी गेलो पबात. आणि पबाच्या व्हरांड्यात कोण, तर कोलिन रॅफर्टी. ज्याच्याकडे घोडा नाही आणि मत आहे, असा माणूस.

"विश्रांती?" कोलिन म्हणतो. "चांगल्या नालाला विश्रांती कशाला लागते? तू नवे बूट घेतल्यावर दिवसभर पडून राहतोस का, लेका?" तर तिकडून ऑडलीबाई, त्यांचं बोलणं नेहमी प्रार्थनेसारखं, "माझे वडील तर आठवडाभर घोडा जागचा हलवू द्यायचे नाहीत हं." "म्हणून तर तुझ्या बापानं जन्मात काही जिंकलं नाही!" झालं, जुंपली दोघांची. आणि मग कोलिन खुर्ची ओढून जवळ आला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "गड्या, खरं सांग. खिळा आत मांसात गेलाय का?"

आता काय सांगू मी याला? विश्रांती द्यावी तर म्हणणार, बघा, खिळा आत गेलाय, बायको झाकतेय. न द्यावी आणि घोडा अवघडला तर म्हणणार, बघा, बायकोला येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आणि प्रश्न काय, तर घोड्याला विश्रांती द्यायची की नाही?

तर मी काय केलं... हसू नका. शुक्रवारी लोरेल अॅथोलला शेक द्यायला गेली तेवढ्यात मी बिशपला दोर लावून थेट मोठ्या रस्त्यावर नेला. खोगीर नाही हां घातलं! तिनं खोगीर घालू नकोस म्हटलं होतं, चालवू नकोस असं कुठे म्हटलं होतं? म्हटलं, बघू दे एकदा सगळ्यांना, घोडा ठणठणीत आहे. पबासमोरून नेला, परत आणला. मग दुडक्या चालीनं नेला, परत आणला. मी पुढे धावतोय, धापा टाकतोय, मागे बिशप, त्याच्या चेहऱ्यावर अशी कळा की याला माझीच लाज वाटतेय. आणि व्हरांड्यातले सगळे खुर्च्या सोडून कठड्याशी आले.

का? अहो, आमच्याकडे घोडा डांबरी रस्त्यावर असा मागेपुढे पळवतात तो एकाच कारणासाठी, लंगडतोय का ते तपासायला! ज्यांच्या डोक्यात काही नव्हतं त्यांच्याही डोक्यात मी स्वतः नेऊन घातलं. "उजवा पुढचा." "छे, डावा मागचा." "मान बघ, मान टाकतोय." अहो, रस्त्यावर कुणाची तरी पाव-सॉसेज सांडली होती, ती हुंगत होता तो! पण ऐकतो कोण? संध्याकाळपर्यंत बिशप चारही पायांनी लंगडा झाला होता, आणि ऑडलीबाईंनी घरी केक पाठवला. सांत्वनाचा!

लोरेल घरी आली, टेबलावर केक बघितला आणि म्हणाली, "कोण गेलं?"

मला सांगावंच लागलं.  ती ओरडली असती तर परवडलं असतं हो. कानस पुसली, हातोडी पुसली, एकेक वस्तू खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. फार वाईट वाटलं मला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर राबली बिचारी, आणि स्वतःच्या नावाचा पहिला घोडा नवऱ्यानंच रस्त्यावर लंगडा करून दाखवला.

शनिवार उजाडला. सगळं गाव कुंपणावर. मी खोगीर घातलं, बसलो, आणि बिशप रिंगणाच्या फाटकापर्यंत गेला तो कसा... लंगडत! कुंपणावरून कोलिन, "तरी मी म्हणत होतो!" काय म्हणत होता? हाच म्हणत होता ना, विश्रांती कशाला म्हणून?

फाटकाशी लोरेल उभी होती. म्हणाली, "उतर."

"अगं, पण..."

"केल्विन, उतर."

माझ्या जागी तिचं नाव घालायला कमिटीनंही हरकत घेतली नाही, फजिती बघायला सगळेच उत्सुक. ती बसली. आणि तुम्हाला सांगतो, तो ढोंगी घोडा, तो आळशांचा राजा, असा सुटला... गोऱ्हा निवडला, कळपातून खेचून काढला, पहिला खांब, दुसरा खांब, टाप कुठे चुकली नाही, मान सरळ, पाय सरळ, गोऱ्हा शेवटच्या फाटकातून पार! माझ्याखाली जन्मात पळाला नाही तसा पळाला, मेला.

कोलिन कुंपणावरून उतरला, वाकून चारही खूर बघून आला. मग कोलिनच म्हणाला, "नाल झकास बसलेत. घोडाही झकास आहे." डोकं खाजवलं. "मग आत्ता फाटकाशी लंगडत का होता?" आणि सगळं गाव हळूहळू वळून माझ्याकडे बघायला लागलं.

आता आमच्या शेडबाहेर घोड्यांची रांग असते. शहरातल्या माणसाचं नाव कुणी काढत नाही. ठोकायला लोरेल, दोर धरायला मी, आणि बिशपवर बसते तीच, मला खोगिराला हात लावायची परवानगी नाही. आणि येणारा प्रत्येक जण टोपी काढून तिला विचारतो, "लोरेल, नवे नाल ठोकलेस, आता विश्रांती किती द्यायची?"

ती म्हणते, "घोड्याला एक दिवस पुरे." आणि मग माझ्याकडे बघते.

बिशपचा एक दिवस केव्हाच संपला. माझी विश्रांती अजून चालू आहे.