काट्याचं मीटर

जळीत विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. भावाच्या हातांना अजून ग्रीस होतं.

"डॉक्टर काही बोलले, ताई?"

"नाही. तू आधी सांग, गाडीत काय केलंस?"

"डायनमो काढून नवा अल्टरनेटर बसवला. बाबांनीच सांगितलं होतं. दिवे काजव्यासारखे मिणमिणायचे."

"मग पेटली कशी?"

"नवा अल्टरनेटर दुप्पट करंट देतो. वायर जाड टाकायला हवी होती. आणि डॅशबोर्डवरचं करंट दाखवणारं काट्याचं मीटर काढायला हवं होतं. सगळा करंट त्याच्यातूनच जातो, झेपेल त्याहून जास्त झाला की ते तापून पेटतं."

"काढलं का नाहीस?"

"काढतच होतो. बाबा म्हणाले, गाडीचं काहीही बदल, त्या मीटरला हात लावायचा नाही. आजोबांची नजर त्याच्यावर असायची."

"म्हातारं मीटर आणि म्हातारा बाप! दोघांपुढे तुझं काही चालत नाही. अरे, वायरिंगचं काम तू करतोस की ते?"

"वाटलं, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारतील आणि येतील. मग त्यांना समजावून काढू."

"बरं, डोळे पूस. आई येईल एवढ्यात."

"ताई, त्यांचा फोन आला होता. गाडीतून."

"कधी?"

"आग लागायच्या जरा आधी. लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, अरे, सगळे दिवे लावलेत, आणि काटा जन्मात पहिल्यांदा पार टोकाला टेकलाय!"

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हणालो, मजा करा, बाबा."