काचेची कड

(द्वारका चौकाजवळचा फोटो स्टुडिओ, दुपारची वेळ. सासरे आणि सून एकाच कॉम्प्युटरपुढे; पडद्यावर काचेच्या ग्लासाचा फोटो.)

मल्हारी : मागचा पडदा गेला, पण ग्लासातला तलाव तसाच हाय की.

तेजस्विनी : नाना, तलाव रंगवलेल्या पडद्यापुढं काचेचे ग्लास कुणी ठेवतं का? काचेतून मागचं सगळं दिसतं.

मल्हारी : चाळीस वर्षं नवरा-नवरी तिथंच उभे केले. हात आपोआप तिकडं गेला.

तेजस्विनी : नवरा-नवरीच्या आरपार तलाव दिसत नव्हता. थांबा, हे सॉफ्टवेअर खास काचेसाठीच घेतलंय. आतलंही काढतं. बघा, गेला तलाव.

मल्हारी : आन् ग्लास कुठं गेला?

तेजस्विनी : आहे ना. थोडा फिका झालाय.

मल्हारी : नुसतं बूड राहिलंय. विंचूरचा वाइनवाला काय म्हणंल?

तेजस्विनी : चारला नमुना पाठवायचाय. आवडला तर त्याच्या ग्लासांचा अख्खा कॅटलॉग आपला, नाहीतर काम पुण्याला जाईल. आता मला भीती वाटतेय, नाना.

मल्हारी : सकाळी तर म्हणालीस, फोटो कसाबी काढा, पुढचं समदं मशिन करतंय. मी बी ठरवलं, उद्यापासनं घरीच बसायचं.

तेजस्विनी : तसं बोलायला नको होतं मी.

मल्हारी : पडदा माझा बी चुकलाच. चल, तो गुंडाळ. पांढरी चादर बांध, लाइट चादरीच्या मागनं लाव. आन् पेटी-कॅमेऱ्याचं काळं कापड आण.

तेजस्विनी : काळं कशाला?

मल्हारी : दोन तुकडे करून ग्लासाच्या दोन्ही अंगाला टांग, फोटोत येणार नाय असं. ते काळं काचेच्या कडंला उतरतं. त्याबिगर पांढऱ्यावर काच दिसायची कशी?

तेजस्विनी : कापड तुमच्या वडिलांचं आहे. कापू?

मल्हारी : काप. पेटीत पडून काय करतंय?

तेजस्विनी : (नवा फोटो कॉम्प्युटरवर उघडत) नाना, कड आली. पेन्सिलीनं काढल्यासारखी. आता सॉफ्टवेअरला देते. चादर गेली, ग्लास पुरा राहिला. मागं गुलाबी टाकलं तर आतूनही गुलाबीच दिसतंय.

मल्हारी : मग वाट कुणाची बघतीस? पाठव.

तेजस्विनी : पाठवला. हे बघा, लगेच आलं उत्तर. उरलेले साठ ग्लास उद्या सकाळी येतायत.

मल्हारी : झ्याक झालं. दे ते तुकडे, घरी नेऊन घडी घालून ठेवतो.

तेजस्विनी : राहू द्या इथंच. उद्या नऊला लागतील. तुम्हीही.