पोरगा कुणावर गेला?

मामी : ...आणि परवापासून हे म्हणतायत, पोरगा माझ्या माहेरच्यांवर गेलाय! नाक माझ्या वडिलांचं, चाल माझ्या भावाची. तीस वर्षं 'माझी कॉपी, माझी कॉपी' करून माझे कान किटवले, आणि आता एकाएकी सगळं श्रेय माझ्या माहेराला?

भाची : मामा, ती मशीन थांबवा ना जरा. मी लॅबमधून अर्धी रजा टाकून आलेय.

मामा : पाय मशीनवर आहेत, कान मोकळे आहेत. बोल तू. संध्याकाळी कोट द्यायचाय, गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसेल.

भाची : परवा डॉक्टरांनी काय सांगितलं तुम्हाला?

मामा : हेच, की प्रोस्टेटच्या गाठीत गुणसूत्रं बिघडलीत. कुठे तुकडा गळलाय, कुठे जास्तीचा जोडला गेलाय.

मामी : म्हणजे तुमच्या गुणांतच दोष! मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. तेही फुकट, सुई न टोचता.

मामा : तू गप गं. पुढे डॉक्टर बरंच बोलले, पण माझं लक्षच उडालं.

भाची : का?

मामा : का म्हणजे? गुणसूत्रं बापाकडून पोराकडे जातात, एवढं शाळेत मीही शिकलोय. ज्या ठाणातला बाप, त्याच ठाणातला लेक. माझंच कापड विरलेलं निघालं, तर त्याचं काय होणार?

मामी : अगं बाई! म्हणून नाक माझ्या वडिलांचं होय?

मामा : म्हटलं, तुझ्यावर गेला असला तर निदान वाचेल. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.

(शिलाई मशीन थांबते.)

भाची : अहो मामा, मला एक फोन करायचा ना! मी दिवसभर हेच बघते. ही मोडतोड फक्त त्या गाठीतल्या पेशींमधली आहे, आणि ती तिथेच झालीय. वंशातून येणारा दोष आहे का, ते बघायला तुमचं रक्तही तपासलं होतं. तसलं काही सापडलं नाही. हे तुम्ही आजोबांकडून आणलं नाहीत, आणि दादाला दिलंही नाहीत.

मामा : नक्की?

भाची : नक्की. वडिलांना झालंय म्हणून दादाने वेळेवर तपासणी करत राहायची, एवढंच.

मामा : मग चहा टाक गं फक्कड! पोरगा माझ्यावरच गेलाय. नाक बघ की त्याचं!

मामी : झालं. आले मूळ पदावर.

भाची : चहा नंतर. तुमचं राहिलंय अजून.

मामा : आता माझं काय?

भाची : ही मोडतोड किती, त्यावरून दुखणं किती जोर धरेल याचा अंदाज येतो. थोडी असली तर गाठ बहुधा वर्षानुवर्षं रेंगाळते. तुमच्यात पुष्कळ आहे. म्हणून आधी 'नुसतं लक्ष ठेवू' म्हणणारे डॉक्टर आता ऑपरेशन करा म्हणतायत. परवा तेच सांगत होते तुम्हाला.

मामा : शेजारच्या पेंटरचं झालं की ते ऑपरेशन. कित्येक महिने डायपर लावून हिंडत होता बिचारा. या वयात ही शोभा नको.

मामी : एवढे मोठे शिंपी, स्वतःपुरते शिवा की. अस्तर लावून.

मामा : तुला थट्टा सुचतेय.

मामी : मग रडू?

भाची : मामा, गाठ अजून बाहेर पसरलेली नाही. आत्ता काढली तर पुरती निघायची चांगली आशा आहे. थांबलात, तर ती आशा कमी होत जाईल.

मामा : पोरगं सुटलं ना, मग मी जिंकलो. माझं काय, पिकलं पान. माझं चालेल गं.

मामी : चालेल? कुणाला विचारून?

मामा : अगं, म्हणजे...

मामी : पोराची काळजी केलीत, चांगलं केलंत. दोन्ही रात्री मी शेजारीच होते, तेव्हा माझा विचार आला का मनात? मला नाही चालणार हो. अजिबात नाही चालणार.

भाची : मामी, रडू नका ना.

मामी : रडत नाहीये. चहा टाकते.

मामा : ...तारीख घे गं डॉक्टरांची. हिला चालेल ती.