हात दिसला की पाय ब्रेकवर

आणि वर सून मलाच विचारते, ‘आई, थांबलात कशाला?’ थांबले कशाला! अहो, कडेला माणूस हात करून उभा, अन् मी काय त्याच्या तोंडावर धूळ उडवून पुढे जाऊ? तुम्हाला सांगते, ही ताईबाई यावल-चोपडा रोडवर काळीपिवळी जीप चालवते ती काय आजकालची? मालक गेले, जीप राहिली, शिकवायला कोणी नाही, तर केळीच्या बागेतल्या गाडवाटेवर एकटीनं शिकले… चार केळी आडवी झाली, पण शिकले! अक्षरंसुद्धा पुढच्या ट्रकच्या पाठीवर वाचून शिकले, शाळेची पायरी माहीत नाही. आणि आमच्या धंद्याचा धर्म एकच. हात दिसला की पाय ब्रेकवर!

हाच पाय घेऊन मी सगळा देश फिरून आले. गरिबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी देणग्या गोळा करायच्या, म्हणून एका संस्थेच्या लोकांनी माझ्या जीपला फलक बांधला, ‘डोळे तपासा, जग पाहा’. सोबत कामिनी, माझी सून. आता लोक कौतुकानं हात हलवायचे, मला काय ठाऊक कौतुक? मी थांबायची. ‘कुठे जायचं?’ तिकडे दक्षिणेत एका बाईनं ओट्यावरून नुसता टाटा केला, तर मी जीप मागे घेतली, तिची पिशवी उचलून आत ठेवली! ती तिच्या भाषेत ओरडते, मी म्हणते, ‘बस ना माय, भाडं नको देऊ!’ कामिनीनं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, तू तरी हात नको उचलू गं, मी परत थांबेन!

हसा. मीही हसत होते, इंदूरपर्यंत.

इंदूरला संस्थेचं शेवटचं डोळेतपासणी शिबिर. फोटोसाठी म्हणून मला मशीनसमोर बसवलं, हनुवटी टेकवा म्हणे, आणि त्या डॉक्टरनं फोटो सोडून खरोखरच आत डोकावलं हो! मला बाजूला घेतलं. ‘अम्मा, गाडी कौन चलाता है?’ मी म्हटलं, मैं. त्यानं मान हलवली. मी म्हटलं मोतिबिंदू असेल तर काढा, मी काय भिते? तर म्हणतो मोतिबिंदू नाही, मागचा पडदा झिजलाय, तो शिवता येत नाही. गाडी आजपासून बंद. म्हणजे बघा, देशभर ओरडत फिरले डोळे तपासा, डोळे तपासा, आणि तपासले तर हे!

कामिनीला सांगितलं? छे! बंद म्हणजे काय बंद? मग मी करू काय, शेवया? एवढं घर गाठू, मग बघू. किल्ली माझ्याच कमरेला.

शिरपूरला आमच्या ओळखीचे भाईदास आबा भेटले, किनगावला लेकीकडे निघालेले. त्यांना मागे घेतलं. आणि चोपड्याच्या अलीकडे कडेला एक पांढरा सदरा, दोन्ही हात पसरून उभा. दोन्ही हात! म्हणजे किती घाई असेल बिचाऱ्याला! मी करकचून थांबले. ‘बसा भाऊ, यावलपर्यंत जाते.’ बसत नाही. ‘अहो, भाड्याचं नंतर बघू!’ बोलतही नाही. मी म्हटलं, काय माजलेला माणूस! तेवढ्यात मागून आबा, हळूच,

‘ताईबाई… तो माणूस नही शे. बुजगावनं शे.’

मी म्हटलं, सूर्य डोळ्यांवर येतोय ना. आबा म्हणतात, ‘सूर्य ते मांगे शे, अक्का!’ या म्हाताऱ्याला कोणी विचारलं होतं?

तिथून कामिनी नुसती रस्त्याकडे बघते. तिच्या बाजूला ब्रेक नाही, तरी पाय दाबते! मी गिअर टाकला की हिचा पाय खाली. चोपडा गेलं. गाडी बैलगाडीच्या चालीनं. मागचे हॉर्न वाजवतात, सायकलवाला पुढे जातो. आणि मग साधं विचारल्यासारखं विचारते, ‘आई, पुढच्या गाडीवर काय लिहिलंय हो?’

आली परीक्षा! सुनेनं सासूची घेतलेली! पुढे मोठं काहीतरी हिरवट, हलतंय. मीही काही कच्ची नाही, ट्रकच्या पाठीवर दुसरं काय असणार? ठणकावून म्हटलं, ‘हॉर्न ओके प्लीज!’

‘आई, तो केळीच्या पानांनी भरलेला ट्रॅक्टर आहे.’

‘मग पानांच्या खाली लिहिलं असेल!’

हसली नाही. आबाही हसले नाहीत. कामिनी एवढंच म्हणाली, ‘डॉक्टरांनी बाजूला घेऊन काय सांगितलं?’ मी म्हटलं, चष्मा. ‘फक्त चष्मा?’ ‘तू वकील आहेस का गं?’ माझा आवाज चढला, पण पाय ब्रेकपाशीच होता, तुम्हाला खरं सांगते. तरी थांबले नसते. पोलिसानं सांगितलं असतं, मुलानं पाया पडून सांगितलं असतं, तरी नाही. पण अडावद मागे टाकलं आणि आबा एकदम ओरडले,

‘ताईबाई! ती बाई उभी व्हती ना! पोर कडेवर, हात दखाडी राहिंती… तुले दखाई नही का?’

हात. बाईचा हात, पोर कडेवर, संध्याकाळची वेळ. आणि माझी जीप तिच्यासमोरून सरळ निघून आली. बुजगावण्याला थांबले, आणि बाईला नाही! अपघात झाला असता तर मी ट्रकवाल्याला शिव्या दिल्या असत्या, रस्त्याला दिल्या असत्या. याच्यासाठी कोणाला देऊ? हात दिसला की पाय ब्रेकवर… पण हात दिसायला तर हवा ना!

जीप कडेला घेतली. उतरले. एरवी कमरेला असते ती किल्ली इंजिनातून काढून कामिनीच्या हातात ठेवली. म्हटलं, लायसन काढलंस ना माझ्या मागे लागून, आता चालव. आधी मागे वळव, त्या बाईला घे. तिनं किल्ली घेतली. सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे फिरवला… तो आरसा फिरवला ना, तेव्हा मात्र मी तिकडे केळीच्या बागेकडे बघत राहिले. दिसत काही नव्हतं, पण बघत राहिले.

बाई मिळाली. पोर मी मांडीवर घेतलं.

तेव्हापासून यावलच्या स्टँडवर मी मागे असते. आवाज देते, पिशव्या टपावर टाकायला लावते, चौथा माणूस सरकवते, भाडं घेते. जगात सगळे आधी क्लिनर होतात, मग ड्रायव्हर. मी तेवढी ड्रायव्हरची क्लिनर झाले! काल जरा कोणाशी बोलत बसले, तर पुढून आवाज आला, ‘आई, दार लावा, निघायचंय!’

लावलं मुकाट्यानं. काय करता? क्लिनरला ड्रायव्हरचं ऐकावंच लागतं… आणि ड्रायव्हर स्वतःची सून असली, तर तक्रार करायला मालकही नाही हो!