कोपऱ्यातलं नाव

"हॅलो?… कोण?… आवाज येत न्हाय, बाहेर येऊन बोल की!… हां, आता येतोय."

नाजनीननं शेंगांची परात मांडीवर ओढून घेतली. फोन श्रीशैलचा होता. आज हा फोन येणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. त्यासाठीच तर ती जेवणं लवकर उरकून बसली होती.

"बोल… आपा? आता आपा व्हय? मागं सगळ्यांसमोर 'ह्या बाई कोण?' म्हणाला होतास… बरं, ऱ्हाऊ दे. झालं काय?… चादर? कंची चादर?… सभागृहात सत्कार हाय, पाहुण्यांना पांघरायची. बरं… घडी मोडली… मग?… कोपऱ्यात नाव हाय? अरे मग असणारच की! सोलापुरी चादर हाय. कोपऱ्यात नाव नसलं तर लोक नकली म्हणतील… तुझं न्हाय? मग कुणाचं?… मोठ्यानं बोल… हमजा?"

तिनं एक शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला.

हमजा तिचा धाकटा भाऊ आणि श्रीशैल त्याचा वर्गमित्र. ह्याच घरात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन मोठा झालेला. बहीणभावानं मिळून 'चौकडी' नावाचा प्रोग्राम बनवला होता. हातानं काढलेली नक्षी तो बारीक चौकटींत मोडून द्यायचा, म्हणजे ती थेट मागावर चढवता येई. दोघांनी तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला सोडला. फुकट घ्या, बदला, विका. फक्त करणाऱ्याचं नाव पुसू नका, एवढीच अट. श्रीशैलनं तो घेतला आणि नेमकं नावच पुसलं. वर स्वतःचं नाव लावून शहरभर मिरवला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो हाच.

"सगळ्याच चादरींवर आलंय?… या अल्ला! आन मागावर कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय?… त्यांना वाटलं तूच सांगितलंस. बरोबर हाय की. कोपऱ्यात मालक सांगंल ते नाव. मागावरच्या बसूवर कशाला वरडतोस? त्यानं चढवलेलं विणलं… मी? मी काय केलं? तुझ्या कारखान्याची पायरी चढले न्हाय मी… अरे ऐक ना… ऐक तर! प्रोग्रामात उघड लिहिलंय. मराठीत लिहिलंय. करणाऱ्याचं नाव पुसलं, की ते नाव कोपऱ्यात विणलं जाईल. समद्या जगाला वाचायला खुलं हाय. तूच उघडून बघितलं न्हाईस… घाई होती? व्हय, पुसायला बरा टाइम मिळाला!"

पलीकडून आवाज चढला. नाजनीननं फोन कानापासून थोडा लांब धरला आणि टरफलं एका कडेला सारली.

"हळू, पाहुणे ऐकतील… पोलीस? जा की. काय सांगणार? फुकट आणलेल्या वस्तूत धन्याचं नाव निघालं म्हणून?… आधी सांगायचं? सांगितलं न्हाय मी? कट्ट्यावर लिहिलं होतं की! तर मलाच काढून टाकलंस."

कट्टा म्हणजे अशा खुल्या प्रोग्रामवाल्यांची इंटरनेटवरची बैठक. तिला कुणी एक मालक नसतो. ज्याचा त्याचा कट्टा, आणि सगळे कट्टे एकमेकांना जोडलेले. श्रीशैल मात्र आपल्या कट्ट्याचा पाटील होऊन बसला होता.

"तुला वाटलं, बाईला हाकललं की संपलं. मी नातेपुत्याच्या सारजाबाईंच्या कट्ट्यावर गेले. दुधनीवाले, मैंदर्गीवाले, समदे तितंच आले. तू तुझ्या भिंतीवरनं पुसलंस रे, त्यांच्या भिंतीवर अजून हाय… ते जाऊ दे? बरं, जाऊ दे. हमजा पुण्याला नोकरीला गेला होता, म्हाईत हाय?… न्हाय ना? तितल्या साहेबांनी तुझं पान उघडून त्याच्यापुढं धरलं. म्हणाले, हे तर श्रीशैलचं काम, तू चोरलंस. माझ्या भावाला चोर म्हणाले, श्रीशैल! लेकरू एस्टीनं परत आलं, ते कितीतरी दिवस धड जेवलं न्हाय. तवापासनं मी तुझ्या ह्या फोनची वाट बघतेय."

हे बोलताना पुढची शेंग तिनं दाण्यासकट चिरडली.

"…हां, हाय मी… दुसरी चादर? घे की बाजारातनं… चालत न्हाय? पेपरात तुझ्याच नक्षीचं छापून आलंय. व्हय, वाचलं मी… कोपरा कापू? काप. पाहुण्यांच्या अंगावर फाटकी चादर घाल… अरे ऐक, ऐक. तोडगा हाय. माईक घे आन सांग, हे काम हमजाचं हाय. माझं नाव न्हाय घेतलंस तरी चालंल. त्याचं घे."

खरं सांगायचं तर त्या घटकेला ती विरघळली होती. तो 'हो' म्हणाला असता, तर कोपरा आत दुमड आणि निवांत पांघर, असं तीच म्हणणार होती. शेवटी तिच्याच हातची भाकरी खाल्लेलं पोर.

"…काय म्हणालास?… परत म्हण. 'हमजा' आमच्या नव्या मालाचं नाव हाय, असं सांगणार?"

परातीतला हात थांबला.

"माझ्या भावाला मालाचं नाव करतोस?… न्हाय, आता माफी नको. आपा बिपा काय नको… काय? घातली?… तुझ्या कारखान्यातल्या सोमेशनं घातली पांघरून? तुला न विचारताच?… हां, टाळ्या मला पण येतायत ऐकायला… गप, गप, पाहुणे माईकवर बोलतायत… नाव वाचलं त्यांनी. 'हमजा कोण?' म्हणून विचारतायत. अरे तुलाच विचारतायत!… सांग की. मालाचं नाव सांगणार होतास न्हवं? पण त्याआधी दारातनं आत बघ, खिडकीकडं, तिसऱ्या रांगेत. निळा शर्ट… दिसला?… व्हय, मीच पाठवलाय. त्याला काय म्हाईत न्हाय. नुसतं म्हणलं, जा, तुझ्या दोस्ताची चादर बघून ये… काय करतोय तो?… श्रीशैल, बोल की! काय करतोय हमजा?… उभा राहिला?"

नाजनीननं परात मांडीवरून खाली ठेवली.

"त्याच्या डोळ्यांत बघ आन सांग आता. हमजा कोण?… हॅलो?… हॅलो?"

फोन कटला होता. नाजनीननं परातीतली टरफलं पाखडून बाहेर टाकली, आणि हमजा येईल म्हणून चहाचं आधण ठेवलं.