द्वारकाबाईंचा नारळ आणि फायबरची न्हाणी

मंडळी, आज एकच प्रश्न. ज्या कामावर उद्या झाकण पडणार, ते आज नीट का करायचं? कोण बघतंय? — ते मागच्या रांगेतले गालातल्या गालात हसतायत बघा. त्यांना उत्तर ठाऊक आहे, पण आपल्या घरच्या टाकीत कुणी डोकावू नये म्हणून गप्प आहेत. बसा, बसा. ऐका.

वेंगुर्ल्याच्या वाटेवर एका गावात अनंता सातार्डेकर म्हणून मंडपवाला होता. हाताला काय कला! चार वाकडे बांबू उभे करील, वर झालर सोडील — तुम्ही म्हणाल इंद्राची सभा. झालर उचलून बघतो कोण? त्यावरच त्याचा संसार चालला, आणि झकास चालला.

त्याची आई द्वारकाबाई. एकदा न्हाणीत घसरली. कंबर वाचली, धीर गेला. तेव्हापासून आंघोळ परसात, लुगड्याच्या आडोशाला. जन्मभर दार लावून न्हालेली बाई ती, आता शेजारचा कोंबडा फिरकला तरी अंग चोरायची.

अनंताला ते बघवेना. पोरगा वाईट नव्हता हो, घाईचा होता. त्याने गोव्याहून फायबरचं शॉवर केबिन आणलं. खाली खरखरीत तळ, तीन बाजूंना भिंती, धरायला दांडी, टेकायला बैठक.

बसवायला रज्जाक मिस्त्री आला. तळ उलटा करून म्हणाला, "अनंतशेट, हा खालून पोकळ आहे. सिमेंट-वाळूचा माल भरून बसवू. उद्याचा दिवस सुकू दे, मग भिंती."

"उद्या? उद्या सकाळी आईची पंच्याहत्तरी. पाहुणे हेच बघायला येणार."

"बघू देत की तळ नुसता."

"तळ काय बघायचाय? कडेला फरशीचे तुकडे लाव, वर टेकव. खाली कोण डोकावणार आहे?"

रज्जाक म्हणाला, "तुमची न्हाणी, तुमची आई." आणि लावले तुकडे. त्यालाही घरी जायचंच होतं की!

संध्याकाळी केबिन उभं राहिलं. काय चकाकी! द्वारकाबाईने दांडी धरून एक पाय आत ठेवला. थांबली.

"अनंता, हलतंय रे हे."

"आई, ते नाही हलत. तुझे पाय कापतात."

"असेल बाबा."

इथे जरा थांबा. आई 'असेल बाबा' म्हणाली म्हणजे तिला पटलं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या आईला अजून ओळखलेलं नाही.

सकाळी पाहुणे जमले. नळाला हळद-कुंकू लागलं. जावई मोबाईल रोखून उभा. अनंता म्हणाला, "आई, उंबऱ्यावर नारळ वाढव."

दगडी उंबरा समोर. म्हातारीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकली, नारळ दोन्ही हातांनी उचलला, आणि हाणला केबिनच्या तळावर, बरोब्बर मधोमध. कडाड्! नारळ शाबूत. तळाला तडा.

जावयाचा मोबाईल खाली आला.

"आई, अगं काय केलंस? उंबरा होता ना समोर."

"काय करू बाबा," द्वारकाबाई म्हणाली, "हात पण कापतात माझे."

पाहुण्यांनी पदर तोंडाला लावले. अनंता खाली बसला, तडा बोटाने दाबून बघितला. तळ पापडासारखा खाली-वर. तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नारळ नव्हता, मंडळी. त्या जागी, एकटी, ओल्या अंगाने उभी असलेली आई होती. तिथून उठला तो थेट रज्जाककडे गेला.

सगळं परत सुटं केलं. रज्जाकने तडा फायबरचा लेप देऊन सांधला. माल अनंताने स्वतः कालवला, पोटावर झोपून कोपरान्‌कोपरा भरला. सुकल्यावर भिंती पुन्हा उभ्या केल्या आणि आईला बोलावलं.

"आधी तू उभा राहा," ती म्हणाली. उभा राहिला. "उडी मार." एवढा ऐंशी किलोचा गडी, इस्त्रीच्या कपड्यांत, मारली उडी. तळ ढिम्म. म्हातारीने हात घालून वरचा शॉवर सोडला त्याच्यावर, नखशिखांत भिजवला, आणि म्हणाली, "आता हो बाहेर. मला न्हायचंय."

तर मंडळी, झाकलेलं काम नीट का करायचं? कारण त्यावर कुणीतरी आपलंच पाऊल टाकणार असतं, आपल्यावर विश्वास ठेवून. तेव्हा घरी जा. घरातलं म्हातारं 'हलतंय' म्हणालं, तर औषधाची बाटली शोधू नका. चपला काढा, आणि तिथे आधी स्वतः उभे राहा. तुमच्या पायाला समजेल, कोण कापतंय ते.