आरशाला टिकली

पुंडलिक : कपाळाला टिकली लाव म्हटलं तर लावत नाय, नि आरशाला लावतेस?

शकू : कपाळाचा मध्य ठाऊक हाय मला. आरशाचा ठाऊक नाय. आता हे झाकण आरशासकट दुर्बिणीच्या बुडाला बसव. वरनं बघितलं की टिकली मधोमध दिसली पायजे.

पुंडलिक : नि नाय दिसली तर?

शकू : तर आरसा वाकडा बसलाय. घासलाय वाकडा, असं नाय.

पुंडलिक : सायब तर म्हनला, आरसाच फुकट गेला.

शकू : शाळा-कमिटीचा चंद्रभान साहेब माझ्या दुर्बिणीतनं बघून काय म्हणाला ते पाठ हाय मला. "धूमकेतू जाऊन दोन वर्षं झाली, शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या पोरीनं परत आणला. गुरू ग्रहाला शेपूट लावलं!" सारं माहीम हसलं, बाबा. सात महिने घासली मी ती काच. आज किनाऱ्यावर त्याची परदेशी दुर्बीण लागणार, नि माझी म्हणे शाळेच्या अडगळीत टाका. नाय टाकणार. त्याच्या शेजारीच लावणार.

पुंडलिक : परत शेपूट दिसलं तर?

शकू : तर हसू देत परत. मी काय मीठ हाय विरघळायला? ती फिल्मच्या रोलची डबी दे, बुडाला भोक पाडलेली. डोळा लावायच्या जागी बसवते. हां.

पुंडलिक : दिसली?

शकू : दिसली! पार कडेला पळालीय! बाबा, आरसा कलंडलाय नुसता, म्हणून शेपूट दिसलं. मागं तीन स्क्रू हायत बघ. फिरव जरा.

पुंडलिक : ते फिरनार नाय.

शकू : का?

पुंडलिक : मी आवळलेत. पाना लावून. सायब यायच्या आदल्या दिवशी.

शकू : बाबा!

पुंडलिक : तिन्ही ढिले लागले हाताला. होडीत ढिलं दिसलं तर मी इचारत बसत नाय, आवळतो. ढिल्यानं मानसं बुडतात.

शकू : ते ढिले नव्हते! खाली स्प्रिंगा हायत, आरसा हलवता यावा म्हणून. आठ दिवस मी माझ्या हातांना शिव्या देतेय, नि तू गप?

पुंडलिक : शेपूट दिसलं तवाच डोक्यात आलं. सायबासमोर तोंड उघडलं नाय. लाज वाटली.

शकू : चोर सोडून संन्याशाला फाशी! बापाचं नाव राहिलं, पोरीचं गेलं, चाललं तुला?

पुंडलिक : नाय चाललं. म्हनून तर आज होडी काढली नाय.

शकू : मग पाना घे. तिन्ही सैल कर. मी बघते, तू फिरव. सुकाणू धरतोस तसं, थोडं दे नि थांब. आता डावा. आणखी. आणखी... थांब! आता खालचा, पाव आटा. जास्त झाला, मागं घे. सोड हात.

पुंडलिक : आली?

शकू : आली. मधोमध.

(किनाऱ्यावर अंधार पडला आहे. दोन दुर्बिणी शेजारीशेजारी. माणसं जमली आहेत.)

शकू : बाबा, तू बघ आधी. मला धीर होत नाय.

पुंडलिक : गोल हाय, शकू. शेपूट नाय. अंगावर दोन पट्टे हायत, नि बाजूला तीन ठिपके, एका ओळीत.

शकू : ते त्याचे चंद्र. सरक, सरक, मला बघू दे!

चंद्रभान : काय गं, आज आहे का शेपूट?

पुंडलिक : सायब, ते शेपूट मी लावलेलं. स्क्रू मी आवळले नि गप ऱ्हायलो. पोरीच्या हाताला खोट नव्हती. समद्यांनी आयका, त्या दिवशी हसलात तसंच आयका.

चंद्रभान : बरं, बरं. मला बघू दे एकदा.

शकू : बघा की, साहेब. रांगेत शेवटी जमना आत्या उभी हाय ना, तिच्या मागं या.